विमानात घरचा डबा: काय न्यायचं, कसं बांधायचं, कुठे अडतं

विमानात घरचं खाणं नेता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांची ही शंका आधी फेडून टाकू. भारतातून सुटणाऱ्या विमानात पोळ्या, पराठे, लाडू, चिवडा, फळं हातातल्या बॅगेतून नेता येतात आणि आपल्या जागेवर बसून खाताही येतात. अपवाद आहे तो आग्नेय आशियातल्या काही स्वस्त विमान कंपन्यांचा. त्या बाहेरचं खाणं विमानात खाऊ देत नाहीत. बँकॉक, क्वालालंपूर किंवा सिंगापूरकडे जाणार असाल तर तिकिटाच्या अटींमध्ये हा मुद्दा आधी शोधा.

डबा अडतो तो तीन जागी: सुरक्षा तपासणीत, हवेत, आणि परक्या देशात उतरल्यावर. पहिल्या जागेची धास्ती सगळ्यांना असते, तिसरीचा विचार फारसा कुणी करत नाही, आणि मोठा दंड नेमका तिथेच होतो. त्याखेरीज एक साधं कारण असतं: खाणं वाटेत खराब होतं. म्हणून सुरुवात तिथून.

तिकीट हातात आलं की

विमान किती तासांचं आहे ते मोजू नका. पदार्थ चुलीवरून उतरल्यापासून शेवटचा घास खाईपर्यंतचे तास मोजा. पुण्याहून लंडनला जाणारा माणूस म्हणतो, साडेनऊ-दहा तासांचा तर प्रवास आहे. पण स्वयंपाक आटोपून बॅग बंद करेपर्यंत एक तास, पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंत रस्त्याने चार ते पाच, आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचं ते तीन. विमान हललं तेव्हाच डबा आठ-नऊ तासांचा झालेला असतो, आणि उतरायच्या आधी जे खाल ते सतरा-अठरा तासांपूर्वीचं असतं. मुंबईकर दिल्लीला चालला असेल तर हाच हिशोब पाच-सहा तासांत आटोपतो. हे दोन डबे एकसारखे भरून चालणार नाहीत.

ओलसर शिजवलेलं अन्न साधारण तापमानाला चार तासांपर्यंत ठीक असतं. मुंबईच्या मे महिन्यात दोनच तास धरा. सगळ्यात फसवा पदार्थ भात. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, जे नंतर गरम केल्यानेही जात नाही. दहीभात आंबट असल्याने टिकतो हा समजही लांबच्या प्रवासात कामाचा नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी, बटाट्याची भाजी, पनीर, उकडलेली अंडी, मेयोनीज लावलेलं सँडविच, हे सगळं चार तासांच्या आतलं. दिल्लीच्या प्रवासाला चालेल, लंडनच्या नाही.

याच वेळी विमान कंपनीचं जेवणही ठरवून टाका. ज्या विमानात जेवण मिळतं तिथे खास जेवण बहुधा किमान २४ तास आधी सांगावं लागतं. इथे शाकाहारी माणसं एका नावाला फसतात. ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी नव्हे. त्यात चिकन, मासे, मटण असू शकतं, गोमांस मात्र नसतं. आपल्या पद्धतीचं शाकाहारी हवं असेल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ निवडा, कांदा-लसूण आणि कंदमुळं नको असतील तर ‘जैन’. उपवासाचं जेवण मात्र सहसा मिळत नाही. एकादशी किंवा चतुर्थी प्रवासात येत असेल तर डबा हाच उपाय: राजगिऱ्याचे किंवा शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याच्या किसाचा चिवडा, खजूर, केळी. साबुदाण्याची खिचडी नेऊ नका. गार झाली की दाणे रबरासारखे होतात, आणि विमानात ती गरम करून मिळत नाही.

आदल्या दिवशी स्वयंपाकघरात

प्रवासाला काय टिकतं हे आपल्याकडे ठाऊक नाही असं नाही. वारीला, बैलगाडीने माहेरी, रात्रीच्या पॅसेंजर गाडीने जाणाऱ्यांची शिदोरी हीच होती: दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळ्या. पाणी कमी, तेल-तूप थोडं जास्त, आणि पातळ असं काही नाही. सुरक्षा तपासणीलाही नेमकं हेच पचतं.

दशमीचं प्रमाण सांगतो, कारण घाईत केलेली दशमी वातड होते. दोन वाट्या, म्हणजे साधारण २५० ग्रॅम कणीक. दोन मोठे चमचे तूप कडकडीत न करता नुसतं पातळ करून कणकेला चोळा, चवीपुरतं मीठ घाला, आणि पाण्याऐवजी कोमट दुधात मळा. दूध साधारण १५० मिलिलिटर लागतं. एकदम ओतू नका, कणकेप्रमाणे थोडं कमी-जास्त होतं. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट हवा. अर्धा तास झाकून ठेवा. आठ गोळे होतात. लाटताना पिठी कमीत कमी वापरा, कारण वर राहिलेली पिठी तव्यावर जळते आणि दुसऱ्या दिवशी कडवट लागते. आच मध्यम ठेवा, दोन्ही बाजूंनी तुपाचा हात फिरवा. दोन दिवस मऊ राहतात, कारण दुधातल्या स्निग्धांशामुळे आणि तुपामुळे पोळी लवकर वाळत नाही. विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून साधी पोळी किंवा भाकरी तिथे उघडली की पाच मिनिटांत कडक होते. भाकरी घरीच खाऊन निघा.

मेथीचे पराठे, धपाटे करणार असाल तर पाला धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडा करा, आणि कांदा घालू नका. कांदा पाणी सोडतो, धपाटा आठ-दहा तासांत आंबूस होतो आणि डबा उघडला की चार रांगांना वर्दी जाते. तिखटमिठाच्या पुऱ्यांची कणीक घट्ट भिजवा, मोहन घाला, लाटताना फार पातळ करू नका. पाण्याऐवजी दह्यात कणीक भिजवली तरी चालते, पण मग टिकण्याचा काळ एका दिवसावर धरा.

आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: गरम पदार्थ डब्यात भरणं. वाफ झाकणाखाली पाणी होऊन परत पोळीवर पडते. वरच्या दोन पोळ्या चिकट, खालच्या ओलसर, आणि बुरशीला हवं तेवढं पाणी. पोळ्या जाळीवर किंवा सुती फडक्यावर एकेक पसरून पूर्ण गार करा. हाताला कोमट लागते तोवर गार झालेली नाही. पहाटे पाचला निघायचं असेल तर पहाटे चारला स्वयंपाक करू नका, आदल्या रात्री करा.

एका मोठ्या माणसाला अंदाज: दिल्ली, बंगळूर, कोलकाता अशा प्रवासाला तीन दशम्या आणि एखादा लाडू. लंडन-फ्रँकफर्टला सहा दशम्या किंवा दहा-बारा पुऱ्या, मूठभर चिवडा, दोन लाडू, एक सफरचंद. विमानात जेवण मिळणार असेल तर याच्या निम्मं. बसून बसून भूक तशीही कमीच लागते, आणि डबा जड झाला की हातातल्या बॅगेची मर्यादा आड येते. इकॉनॉमी वर्गात ती बहुतेक भारतीय कंपन्यांकडे ७ किलो आहे आणि डबा त्यातच धरतात.

चटणी, लोणचं आणि खोबरं

कोरड्या पोळ्यांबरोबर तोंडी लावायला काय, हा खरा मराठी प्रश्न. मिरचीपूड आणि दळलेले मसाले हातातल्या बॅगेत चालत नाहीत, कारण पूड कुणाच्या डोळ्यांत फेकता येते. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची कोरडी चटणी ही तपासणाऱ्याच्या डोळ्यांना तिखटाची पुडीच असते. कधी सोडतात, कधी नाही. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. लिंबाचं किंवा कैरीचं देशांतर्गत प्रवासात जातं, पण आंतरराष्ट्रीय प्रवासात ते द्रव पदार्थांत मोजलं जातं.

उपाय सोपा आहे. चटणी वेगळी बांधूच नका. दशमीला आतून तुपाचा पातळ हात लावा, त्यावर एक चमचा चटणी पसरा, घट्ट गुंडाळी करा. लोणच्याच्या फोडी काढून नुसता खार लावला तरी चालतो. गुळांबा, साखरांबाही असाच पोळीत जातो. गुंडाळलेली पोळी ही पोळीच, तिला कुणी चटणी म्हणून बाजूला काढत नाही. खाताना हातही कमी बरबटतात.

आता खोबरं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ नका, ना हातातल्या बॅगेत ना खाली जाणाऱ्या सामानात. नागरी उड्डाण सुरक्षा विभागाने २०२२ मध्ये सुकं खोबरं सामानातल्या बंदीच्या यादीत घातलं. कारण चमत्कारिक वाटतं पण खरं आहे: तेलाचं प्रमाण जास्त असल्याने खोबरं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हळूहळू तापत जातं आणि कोंडलेल्या जागेत आपोआप पेट घेऊ शकतं. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या नियमांतही ते आपोआप पेटणाऱ्या वस्तूंच्या वर्गात आहे. परदेशातल्या लेकीला मसाल्यासाठी खोबरं धाडायचं असेल तर तिथल्या भारतीय दुकानातून घ्यायला सांगा. चिवड्यात तळलेले चार काप असतात, ते काही कुणी वेचत बसत नाही.

अख्खा ओला नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही. खालच्या सामानात सहसा चालतो. शिर्डीहून विमानाने परतणाऱ्यांची यावरून नेहमी पंचाईत होते. प्रसादाचे लाडू हातात घ्या, नारळ मोठ्या बॅगेत टाका, आणि मोठी बॅग नसेल तर तिथेच फोडून वाटून टाका. शबरीमलाच्या यात्रेकरूंना हंगामापुरती नारळ जवळ ठेवायची सवलत २०२४ मध्ये दिली होती. ती त्यांच्यापुरतीच होती, तिच्या भरवशावर वाद घालू नका.

डबा भरताना

विमान वर गेलं की आतल्या हवेचा दाब कमी होतो. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच आहे. विमानात आतला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवतात. म्हणजे कळसूबाईवरही हवा एवढी विरळ नसते. जमिनीवर घट्ट बंद केलेल्या डब्यातली हवा तिथे पाव ते एक तृतीयांशाने फुगू पाहते. वेफर्सची पाकिटं टम्म होतात ती यामुळेच. अर्धवट भरलेल्या बरणीतलं लोणच्याचं तेल झाकणाच्या आट्यांतून बाहेर येतं तेही यामुळेच, आणि मग लोक बरणीला दोष देतात.

तेव्हा जे काही पातळ किंवा तेलकट नेणार असाल त्याची बरणी गळ्यापर्यंत भरा, आत हवा कमी राहील असं बघा. तोंडावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून मग झाकण लावा, वरून चिकटपट्टी, आणि सगळं झिपच्या पिशवीत. पिशवीतली हवा दाबून काढा. पोळ्यांचा डबा मात्र अगदी हवाबंद नको. आधी बटर पेपरमध्ये किंवा सुती फडक्यात गुंडाळा, मग साध्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

स्टीलचा डबा घरी ठेवा. क्ष-किरण यंत्रात धातू गडद दिसतो, आतलं काही कळत नाही, आणि डबा उघडायला लावतात. झाकण पारदर्शक असलेला प्लॅस्टिकचा चपटा डबा सगळ्यात सोयीचा. खाताना झाकणाचीच ताटली होते. एका जेवणाचा एक डबा करा, दोन जेवणं एका डब्यात कोंबू नका, म्हणजे दुसरं उघडलं जाणार नाही. बरोबर एक साधा चमचा, ओले टिश्यू, दोन कागदी रुमाल आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. सुरी नको, फळ घरून कापून आणू नका, अख्खं खाता येईल असंच फळ घ्या. सफरचंद, पेर, संत्रं ठीक. केळं बॅगेच्या तळाशी गेलं की त्याचं शिकरण होतं, ते डब्याच्या वर ठेवा.

वास येणाऱ्या वस्तूंबद्दल कायदा काही म्हणत नाही. पण सुकट, बोंबील, मुळ्याचे पराठे, लसणाची चटणी यांना बंद नळकांड्यात दोनशे माणसांबरोबर बसवणं बरं नाही. सुके मासे न्यायचेच तर दोन-तीन पदरी पिशवीत सीलबंद करून खालच्या सामानात, आणि तेही उतरायच्या देशात चालत असतील तर.

विमानतळावर

सुरक्षा तपासणीत डबा बॅगेतून काढून ट्रेमध्ये वेगळा ठेवा. कुणी सांगितलं नाही तरी ठेवा. कारण असं: यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी रंगात दिसतात, आणि स्फोटकंही त्याच रंगात दिसतात. बेसनाच्या लाडवांचा डबा, पेढ्यांचं खोकं, एकावर एक रचलेल्या गूळपोळ्या, सगळे घट्ट नारिंगी ठोकळे. चार्जरच्या वायरी त्याला टेकून असतील तर बॅग बाजूला निघणारच. डबा वेगळा असला की एका नजरेत काम होतं. उघडायला सांगितलं तर शांतपणे उघडा. अधिकारी हातमोजे घालून बघतात, हवं तर एखादी पट्टी फिरवून यंत्रात घालतात. यात तुमच्यावर संशय वगैरे काही नसतो. काय न्यायचं काय नाही याबाबत शेवटचा शब्द त्यांचा, तिथे वेबसाइटवरची यादी दाखवून फायदा होत नाही.

आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रवाचा नियम पाळावा लागतो: प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरच्या आतली, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. मोजलं जातं ते बाटलीचं माप, आत किती उरलंय ते नव्हे. २०० मिलिलिटरच्या बरणीत तळाशी दोन चमचे तूप असलं तरी बरणी जाते. आणि द्रव म्हणजे नुसतं पाणी नाही. जे ओतता येतं, पसरवता येतं, पिळता येतं ते सगळं त्यात आलं: तूप, दही, श्रीखंड, आमरस, मुरंबा, मध, पातळ भाजी, आमटी, पीनट बटर. पेढा, बर्फी, लाडू घन. श्रीखंडाची वडी चालते, श्रीखंड नाही. देशांतर्गत प्रवासात पाण्याच्या बाटलीला सहसा हरकत घेत नाहीत, पण रिकामी बाटली नेऊन तपासणीनंतर भरून घेणं दोन्हीकडे चालतं.

तान्ह्या बाळाचं दूध, दुधाची पावडर, पेज, खिमट यांना प्रवासापुरत्या प्रमाणात १०० मिलिलिटरच्या नियमातून सूट असते. वेगळं काढून दाखवा आणि बाळ बरोबर हवं. मधुमेहाच्या रुग्णांनी इन्सुलिन, औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी डब्याबरोबर हातातच ठेवावी. विमानाला उशीर झाला, धावपट्टीवर दोन तास उभं राहिलं, तर जेवण वाढत नाहीत. एक खाऊ असा हवा जो बॅग वर ठेवल्यावरही खिशात राहील.

वाटेत विमान बदलायचं असेल तर दुबई, दोहा, फ्रँकफर्ट इथे पुन्हा तपासणी होते. मुंबईत तपासणीनंतर घेतलेली ताकाची बाटली तिथे टाकावी लागते. थेट अमेरिकेला जाणाऱ्या विमानात आणखी एक अट: हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरहून जास्त कोणतीही पूड असेल तर जादा तपासणी होते आणि ती अडूही शकते. मेतकूट, सत्त्व, नाचणीचं पीठ, चहा मसाला, सगळं मोठ्या बॅगेत.

हवेत

टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी समोरचं टेबल बंद ठेवावं लागतं, म्हणून सीटबेल्टचा दिवा गेल्यावर डबा काढा. डबा वरच्या कप्प्यात ठेवू नका, पुढच्या सीटखालच्या पिशवीत असू द्या. नाहीतर मधल्या सीटवरून उठून दोन माणसांना उठवायचं काम होतं.

केबिन क्रू बाहेरचं अन्न गरम करून देत नाहीत. बहुतेक विमानांत प्रवाशांच्या डब्यासाठी सोयच नसते, शिवाय त्याची जबाबदारी कोण घेणार. गरम पाणी मात्र मागितलं तर बऱ्याचदा मिळतं. तयार पोहे, उपमा, कप नूडल्स नेणार असाल तर ध्यानात घ्या, त्या दाबाला पाणी ९२-९४ अंशांनाच उकळतं आणि तुमच्या हाती येईपर्यंत त्याहून निवतं. पाकिटावर पाच मिनिटं लिहिली असतील तर झाकण लावून आठ मिनिटं ठेवा. हादरे बसत असतील तर क्रू गरम पाणी देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. स्वतः गरम होणारी जेवणाची पाकिटं, ज्यात पाणी ओतलं की रासायनिक उष्णता तयार होते, ती विमानात चालत नाहीत.

चव वेगळी लागेल. कोरड्या हवेने नाक सुकतं, आणि जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्झासाठी केलेल्या चाचण्यांत कमी दाबाला मीठ आणि साखर कमी जाणवतात असं दिसलं. आंबट आणि मसाल्याची चव फारशी हलत नाही. म्हणून घरी फिका वाटणारा पराठा तिथे आणखी फिका. मीठ वाढवू नका, आमचूर, ओवा, जिरं, धणे यांचा हात थोडा सैल सोडा.

दाब कमी झाला की पोटातला वायूही फुगतो. हरभरे, राजमा, कोबी, मोड आलेली मटकी आणि सोडा असलेली पेयं उड्डाणाच्या आदल्या जेवणातही टाळा. लांबच्या प्रवासात नवख्यांना हा त्रास डब्यातल्या पदार्थांपेक्षा रात्री खाल्लेल्या उसळीने होतो.

शेंगदाण्याबद्दल एक गोष्ट. आपल्या खाण्यात कूट इतकं मुरलेलं असतं की ते आहे हेही आठवत नाही. कुणा प्रवाशाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असेल तर क्रू तशी घोषणा करतात आणि दाणे उघडू नका सांगतात. तशी वेळ आली तर चिक्की, दाण्याचे लाडू, चटणीची गुंडाळी बंदच ठेवायची. म्हणून डब्यात निदान एक पदार्थ बिनदाण्याचा असू द्या.

स्वतःची दारू उघडून पिता येत नाही. गोव्याहून फेणी आणत असाल तर ती सीलबंद, खालच्या सामानात. २४ ते ७० टक्के अल्कोहोलच्या बाटल्यांना दर माणशी एकूण ५ लिटरची मर्यादा आहे.

उतरायच्या आधी

इथे खरा सावधपणा लागतो. खाण्यासाठी नेलेला डबा विमानातच संपवा. उरलेलं क्रूच्या कचऱ्याच्या पिशवीत टाका, फळ तर नक्कीच. विमानात वाढलेलं सफरचंद किंवा दह्याची वाटी पर्समध्ये टाकून बाहेर पडलं तरी ते बाहेरून आणलेलं अन्नच ठरतं.

ऑस्ट्रेलियात पेढे, बर्फी, गुलाबजाम, रसमलाई अशी दुधाची मिठाई भारतातून नेता येत नाही. भारतात जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग असल्याने दूध आणि मांसाबाबत ते कडक आहेत. दिवाळीच्या आसपास खास तपासणी होते. अर्जावर खरं न लिहिल्यास मोठा दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या वस्तूंसाठी जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. अमेरिकेत पहिल्या चुकीला ३०० डॉलर. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, बाळाच्या दुधाच्या पावडरीला मर्यादित सूट आहे. युरोपीय संघात ताज्या फळांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. अननस, केळं, नारळ, खजूर आणि ड्युरियन तेवढे त्यातून सुटले.

अमेरिकेत कढीपत्ता अजिबात नाही, कारण लिंबू-संत्र्याच्या झाडांचा एक रोग पसरवणारी कीड त्याच्यावर जगते. हापूसचंही तसंच. भारतीय आंबा अमेरिकेत २००७ पासून जातो, पण विकिरण केलेला आणि कागदपत्रांसह. तुमच्या पिशवीतली रत्नागिरीची पेटी त्यात बसत नाही. तांदूळ आणि हरभरेही घरून नेऊ नका, खाप्रा भुंग्याच्या भीतीने ते अडवतात.

आखाताकडे जाणाऱ्यांनी खसखशीवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवावी. संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात ती अमली पदार्थांत मोडते, सिंगापूरमध्येही तिला बंदी आहे. खसखस नुसती पुडीत असते असं नाही. अनारशाला वरून थापलेली असते, करंजीच्या सारणात असते, बाकरवडीच्या मसाल्यात असते, घरच्या गोड्या मसाल्यात असते. दुबईला मावशीसाठी दिवाळीचा डबा नेताना अनारसे बाजूला काढा, करंज्या बिनखसखशीच्या करा, आणि बाकरवडीच्या पाकिटावरची घटकपदार्थांची यादी वाचून मगच बॅगेत टाका.

घोषणेच्या अर्जावर किंवा यंत्रावर ‘अन्नपदार्थ आहेत का’ असं विचारलं आणि बॅगेत चिवड्याचं एक पाकीट जरी असलं तरी ‘हो’ लिहा. ‘हो’ लिहिणाऱ्याला बॅग उघडून दाखवायला लावतात, चालत नसलेली वस्तू काढून घेतात आणि सोडतात. दंड होतो तो ‘नाही’ लिहिणाऱ्याला. अर्ज भरायच्या आधी ही यादी आठवून ठेवा: हातातल्या बॅगेचे पुढचे कप्पे, मुलांची पाठपिशवी, कोटाचा खिसा, आणि निघताना कुणी ‘वाटेत खा’ म्हणून कोंबलेली ती पिशवी, जिच्यात काय आहे ते तुम्ही अजून बघितलेलं नाही.